सोडून राहिलो

गेम सोडल्याची बातमी मला माझ्या दातांच्या डॉक्टरांकडून कळली, आणि ती कळली तेव्हा माझ्या तोंडात त्यांची दोन बोटं, एक आरसा, कापसाचे तीन बोळे आणि थुंकी ओढणारी नळी एवढा ऐवज होता. डॉक्टर कामिनी धंतोलीत बसतात. खालच्या डाव्या दाढेचं रूट कॅनल चाललं होतं, तिसरी बैठक. त्या काम करताना बोलतात. समोरचा उलटून बोलू शकत नाही हे त्यांना या व्यवसायातलं मुख्य सुख वाटत असावं. "वाचलं हं मी तुमचं," त्या म्हणाल्या, "मुलीनं पाठवलं मला. काय सुंदर बोललात! आम्ही गेम सोडला, आणि तरीही राहिलो. मला तर भरूनच आलं. पण वाईटही वाटलं. तीन वर्षं म्हणजे काही कमी नाही हो." मी म्हणालो, "आँ?" त्यांनी तो दुखल्याचा आवाज समजून आणखी एक इंजेक्शन दिलं. एका अक्षराचं माझं म्हणणं, तेही चुकीचं उतरवलं गेलं, आणि त्यापायी अर्धा चेहरा गेला.

त्या खुर्चीत माणसाला वर बघण्याशिवाय काम नसतं. दिव्याच्या चकचकीत कडेत मला माझा जबडा उलटा दिसत होता आणि मी विचार करत होतो की डॉक्टरांना हे कळलं कसं. कारण सोडण्याचा विचार माझ्या डोक्यात होताच. हैदराबादच्या एका कंपनीचं नोकरीचं पत्र अकरा दिवसांपासून माझ्या मेलमध्ये पडून होतं. कंपनी रमीचा गेम करते. माझं काम पत्ते पिसण्याचं. म्हणजे पडद्यावर पत्ते पिसले जातात तेव्हा पत्त्याची कड किती वाकावी आणि सरकताना तो किती सुळकन सरकावा, एवढंच बघायला त्यांच्याकडे सहा माणसं आहेत, मी सातवा. सोमवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. आज शुक्रवार. हे जगात कोणालाच माहीत नव्हतं, धनश्रीला तर नाहीच. धनश्री म्हणजे माझी भागीदार. तीन वर्षं आम्ही दोघं मिळून एक गेम करतोय. कोड माझा, चित्रं तिची, भांडणं अर्धी अर्धी. तेव्हा क्षणभर मला खरंच वाटलं की डॉक्टरांनी दाढ पोखरता पोखरता थेट आतपर्यंत जाऊन ते पत्र वाचलं. मग त्या म्हणाल्या, "थुंका," आणि मी थुंकलो, आणि तेवढ्यापुरता मोकळा झालो.

बाहेर येऊन स्कूटरवर बसून मी ते वाचलं. 'थर्ड थंब' नावाची बेंगळुरूची साइट आहे, गेमच्या बातम्या देते. तिथं माझा फोटो होता, जरा कडेला बघणारा. मी मुळात कडेला बघत नव्हतो; भिंतीवर पाल होती. खाली मोठ्या अक्षरांत, इंग्रजीत, मी म्हणत होतो की आम्ही गेम सोडला, आणि तरीही राहिलो. त्याखाली 'नागपूरच्या एकांड्या डेव्हलपरची कबुली'. पुढे सगळा मीच. मी 'म्हणालो' असं त्या अख्ख्या लेखात एकदाही नव्हतं. मी कबूल करत होतो, उघड करत होतो, मान्य करत होतो, एका ठिकाणी तर मी 'मन मोकळं केलं'. 'किती दिवस धरून ठेवणार? संपलं आता.' असं मी दीर्घ शांततेनंतर कबूल केलं. 'माझ्या आर्टिस्टला तर कधीचंच सोडायचं होतं, मीच धरून बसलो होतो.' पुन्हा दीर्घ शांतता. 'लोकांच्या हवाली करतो, मग आम्ही मोकळे.' आणि या वाक्यापुढे लेख लिहिणाऱ्या बाईनं स्वतःचं एक वाक्य घातलं होतं की नागसेनच्या, म्हणजे माझ्या, आवाजात पराभव नाही, एक प्रकारची ऊब आहे. मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा घाम फुटला. दुसऱ्यांदा, खरं सांगायचं तर, मला तो माणूस आवडला.

मी काय बोललो होतो ते मला अक्षर न् अक्षर आठवत होतं. मागच्या गुरुवारी बोललो होतो, आमच्या खोलीतून. खोली गांधीबागेत आहे, धनश्रीचे वडील ताराचंदकाका ज्या ठोक कापडाच्या दुकानात कामाला आहेत त्याच्या माळ्यावर. चारी बाजूंनी गठ्ठे, मधे दोन टेबलं, दोन कॉम्प्युटर. खाली काका दिवसभर कापड मोजून फाडतात. कातरीनं एक चीर द्यायची आणि मग दोन्ही हातांनी सरळ रेषेत टर्रकन शेवटपर्यंत. त्या आवाजात फोनवर बोलता येत नाही. आम्हाला सवय आहे; वाक्य झालं की थांबायचं, टर्र होऊ द्यायची, मग पुढचं वाक्य. काजल नावाची ती पत्रकार मूळची पुण्याची. फोनवर म्हणाली, "तुम्ही मराठीतच बोला ना, मोकळं वाटेल तुम्हाला. इंग्रजी मी करून घेईन." मला मोकळं वाटलं. मी म्हणालो, "एकवीस मार्चले आम्ही गेम सोडून राहिलो." टर्र. ती म्हणाली, "खरंच? असं अचानक?" मी म्हणालो, "मंग किती दिवस धरून ठेवाचा? झालं ना आता." टर्र. "धनश्रीले तं कधीचाच सोडाचा होता. मीच धरून बसलो होतो." टर्र. "लोकाईच्या हाती देऊन टाकतो, मंग आम्ही मोकळे." यातल्या एकाही वाक्यात मी खोटं बोललो नव्हतो आणि तिनंही एकही वाक्य मनातून लिहिलं नव्हतं. आमच्याकडे पतंग सोडतात, कबुतर सोडतात, तसाच गेम बाजारात सोडतात. आणि जे चालू असतं ते सगळं आम्ही करून राहतो. जेवून राहिलो, झोपून राहिलो, सोडून राहिलो. पुण्यात राहिलो म्हणजे उरलो. तीनशे कोस पलीकडे माझं वाक्य पोचलं तेव्हा त्यातून गेम गेला होता आणि मी उरलो होतो.

स्कूटर सुरू न करता मी तसाच बसलो. ओठाची डावी बाजू दुसऱ्या कोणाची तरी असल्यासारखी लोंबत होती. मला आपल्याच वाक्याकडे असं परक्यासारखं बघायची ही पहिली वेळ नव्हती. आमच्या गेमचं नाव 'सावलीसावलीनं'. मे महिना, दुपारचा एक, नागपूर. गांधीबागेतून निघायचं आणि फक्त सावलीतून चालत घरी पोचायचं. दुकानाची छपरं, होर्डिंगं, उभे ट्रक. मधेच सावली तुटते तेव्हा एखाद्या चालत्या माणसाच्या सावलीत शिरायचं, पण मग त्याच्याशी बोलत राहावं लागतं, नाहीतर तो वळून जातो. सगळ्यात अवघड गायीची सावली, कारण गाय कुठंही थांबते आणि तिच्याशी बोलून उपयोग नसतो. मागच्या वर्षी एकानं विचारलं की ही कल्पना कुठून आली. मी म्हणालो, ऊन लागते म्हणून. छापून आलं की 'ऊन हाच आमचा खरा खलनायक आहे'. एकानं विचारलं, हे पृथ्वी तापण्याबद्दल आहे का. मी म्हणालो, हे माझ्या आईबद्दल आहे. छापून आलं की पृथ्वी ही माझी आई आहे. खरी गोष्ट एवढीच की मी सहा वर्षांचा असताना आई मला इंदोऱ्यातून कमाल चौकापर्यंत शिकवणीला न्यायची, आणि तिला कुठल्या भिंतीची सावली किती वाजता किती रुंद असते हे पाठ होतं. ती स्वतः उन्हात चालायची आणि मला भिंतीच्या बाजूनं धरायची. मी एकदा विचारलं, तुले नाही लागत का ऊन? तर म्हणाली, "मले ओळखते ते." हे वाक्य मी आजवर कुठल्याच मुलाखतीत सांगितलं नाही. मला भीती आहे की ते फार चांगलं छापतील.

तर मी काजलला फोन लावला. मी हुशार माणूस आहे, हे मीच सांगतो, कारण छापताना कोणी सांगत नाही. पण ओठ बधिर असताना प, फ, ब, म ही अक्षरं होत नाहीत हे हुशार माणसाच्याही फोन लागल्यावर लक्षात येतं. मी "माझी बातमी" म्हणालो आणि बाहेर पडलं "आझी आतई". पलीकडचा आवाज एकदम हळवा झाला. "नागसेन सर," काजल म्हणाली, "तुम्ही रडताय का?"

"नाही. दाढ."

"मोकळेपणानं बोला. मी हे छापणार नाही."

"दाढ कोरून राहिलो," मी म्हणालो, आणि मग लक्षात आलं की मी त्याच खड्ड्यात पुन्हा पाय घातला. "ऐका. सोडून राहिलो म्हणजे सोडला नाही."

"मग राहिलात म्हणजे?"

"राहिलो नाही. सोडून राहिलो."

"तेच तर लिहिलंय मी. सोडला, आणि राहिलात."

"ते राहणारं राहिलो नाही ते. तुम्ही आत्ता काय करताय?"

"तुमच्याशी बोलतेय."

"तर इकडे तुम्ही बोलून राहिल्या."

पलीकडे कीबोर्डची दोनतीन बटणं वाजली. मग तिनं माझंच रेकॉर्डिंग मला ऐकवलं. मी, टर्र, मी, टर्र. "अरे देवा," ती म्हणाली, "म्हणजे एकवीसला तुम्ही गेम रिलीज करताय." तिला ते समजायला दीड मिनिट लागलं. चांगली होती पोरगी. तिला त्या दिवशी अशा चार मुलाखती उतरवायच्या होत्या आणि कापड फाडल्याचा आवाज तिनं आयुष्यात ऐकला नव्हता. ती म्हणाली, "मी आत्ताच दुरुस्ती टाकते. फक्त आमचा नियम आहे, अवतरण चुकलं तर दुरुस्तीही अवतरणानंच करायची. तुमच्या तोंडचं एक वाक्य द्या. काय घालू?"

इथं मी वाक्य द्यायला हवं होतं. वाक्य तयार होतं, सात शब्दांचं होतं, त्यातल्या अवघड अक्षरांनाही मी एव्हाना वळसे शोधले होते. समोर धंतोलीच्या रस्त्यावर एक माणूस खांद्यावर आरसा घेऊन चालला होता आणि त्या आरशात उलट्या दिशेनं सगळी दुकानं चालली होती. मला वाटलं, हे एक वाक्य दिलं की ती बातमी पुसली जाणार. आणि ती पुसली गेली की सोमवारी जे काही सोडायचं ते मला स्वतःच्या तोंडानं सोडावं लागणार. आत्ता ते दुसऱ्यानं सोडून दिलं होतं, आणि किती छान सोडून दिलं होतं. त्यात ऊब होती. धनश्रीलाच आधीपासून सोडायचं होतं असंही त्यात आलं होतं. मला फक्त हैदराबादची गाडी पकडायची होती. निरोप समारंभ परस्पर उरकला होता.

"राहू द्या सध्या," मी म्हणालो.

"राहू द्या म्हणजे?" आता ती माझ्या प्रत्येक राहण्याला घाबरत होती. "म्हणजे तसंच ठेवू, की..."

"तसंच. मी विचार करून सांगतो."

गांधीबागेत पोचलो तर ताराचंदकाका खाली गज हातात घेऊन उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या वाकड्या तोंडाकडे बघितलं, आणि त्यातून जो अर्थ काढायचा तो काढला. "काही हरकत नाही गा," ते म्हणाले. "आमच्या बापानं उमरेडले हातमाग सोडला, तवा तं पेपरात पण नव्हतं आलं." एवढं बोलून त्यांनी पाच मीटर पॉपलीन असं फाडलं की मला जिना चढताना पाठीतून काही सरळ रेषेत उसवल्यासारखं वाटलं. वर धनश्री हसत होती. एकटीच, कॉम्प्युटरसमोर, पोट धरून. नागपुरात जन्मलेल्या माणसाला ती बातमी उलट फिरवायला अर्धा सेकंद लागतो. "ये ये संत नागसेन," ती म्हणाली. "सोडला आन् राहिला म्हणे! काळ्या कागदावर तुहा फोटो लावून लोकं फिरवून राहिले. एकानं खाली लिहिलं, आजपासून मी पण नोकरी सोडतो. आन् मी कोण? त्याची आर्टिस्ट! नाव पण नाही. एकांडा डेव्हलपर म्हणते, मंग ह्या तीन वर्षांत पाचशे सावल्या का तुह्या बापानं काढल्या का?"

"बाबा हिंगण्याले कारखान्यात शिफ्टमधे असतात," मी म्हणालो.

ती आणखी हसली. मग डोळे पुसून म्हणाली, "सांगतलं का तिले?"

"हाव."

"मंग?"

"बदलवते म्हणे. पाहते."

ही खोटी वाक्यं बोलताना ओठ एकदम साफ चालला, याची मी नोंद घेतली.

दुपार तशी सरकत गेली आणि बातमी तशीच राहिली. तिच्यामागे आकडा घसरत होता. गेम यायच्या आधी लोक त्याला आपापल्या यादीत टाकून ठेवतात, आला की कळवा म्हणून. आमच्यासाठी असे अकराशे चाळीस लोक थांबले होते. बाराला अकराशे. दीड वाजता हजार वीस. करणाऱ्यानंच सोडून दिलेल्या गेमसाठी कोण थांबणार? धनश्री दर दहा मिनिटांनी पान ताजं करत होती आणि आता हसत नव्हती. तिचं साधं गणित होतं: हे लोक एकवीस मार्चला गेम उघडणार होते, ते गेले तर एकवीसला आम्ही गेम सोडू आणि तो पडेल, आणि कोणाला आवाजसुद्धा येणार नाही. मला मात्र फोन येत होते. एका कॉलेजनं 'अपयशाकडून काय शिकलो' यावर बोलायला बोलावलं. मी म्हणालो, अजून झालो नाही अपयशी. ते म्हणाले, मार्चअखेर चालेल. एका योगवर्गाच्या बाईंनी विचारलं की सोडल्यानंतर राहणं कसं जमवता, त्यांच्याकडे लोक सोडतात आणि निघूनच जातात. मी त्यांना चार चांगली वाक्यं सांगितली. ती सांगताना मला जाणवलं की मी अवतरणचिन्हांच्या आतल्या नागसेनच्या आवाजात बोलतोय. तो माझ्यापेक्षा सावकाश बोलतो. त्याच्या वाक्यांना शेवट असतो. त्याला हैदराबादला जायची लाज वाटत नाही, कारण तो आधीच गेलेला आहे. मग आईचा फोन आला. पारशिवनीच्या मावशीनं तिला कळवलं होतं. "सोडला म्हणते," आई म्हणाली.

"नाही गं आई, ते चुकीचं लिहिलं तिनं."

"मंग सांग ना तिले."

"सांगतो."

"काहून, फोन नाही लागून राहिला का?"

"लागून राहिला."

"मंग?" आईला अर्थ काढायची सवय नाही. ती शब्दाला शब्द म्हणून घेते आणि हातात धरून उभी राहते. मी म्हणालो, दाढ दुखते, नंतर बोलतो. ती म्हणाली, "मऊ भात खाय," आणि ठेवला. मी फोन खिशात टाकला आणि बराच वेळ गठ्ठ्यांवरची कापडाच्या मिलची नावं वाचत बसलो. मला हे कबूल करायला, पाहा, तो शब्द मलाही चिकटला, मला हे सांगायला हरकत नाही की मी गेमला कंटाळलो नव्हतो. मी घाबरलो होतो. गेम धरून बसलो होतो हे मी काजलला सांगितलं ते अगदी खरं होतं. धनश्रीनं तो सहा महिन्यांपूर्वीच सोडला असता. मी म्हणायचो, गायीची सावली अजून नीट नाही. गायीची सावली उत्तम होती. जोवर गेम सुटला नव्हता तोवर तो चांगला होता, आणि मी चांगला गेम करणारा माणूस होतो, आणि एकवीस मार्चनंतर यातलं काय शिल्लक राहील हे मला माहीत नव्हतं. रमीच्या पत्त्याला हा प्रश्न पडत नाही. त्याची कड नीट वाकली की झालं. आणि ती मी वाकवली असती, सहाही जणांपेक्षा सरस, यात मला तिळभर शंका नव्हती. अडचण असलीच तर तीच होती.

साडेतीनला आकडा आठशे नव्वद झाला. धनश्री म्हणाली, "मीच लिहिते त्या बाईले," आणि मी काही म्हणायच्या आत तिनं लिहिलंसुद्धा. मी तिच्या बोटांकडे बघत होतो. मी उठून वायर काढू शकलो असतो. इतका साधा उपाय सुचला आणि मी तो केला नाही, यावरून माझ्यात काही चांगलं शिल्लक असावं असा निष्कर्ष मी नंतर काढला. त्या क्षणी पाय हलले नाहीत एवढंच. उत्तर चार मिनिटांत आलं. धनश्रीनं ते वाचलं. मग तिनं स्क्रीन माझ्याकडे फिरवली, हळू, जड वस्तू सरकवावी तशी. काजलनं लिहिलं होतं की दुरुस्ती सकाळपासून तयार आहे, पण नागसेन सरांनीच 'राहू द्या सध्या' म्हणून थांबायला सांगितलंय, काही अडचण आहे का.

"हे काय गा?" धनश्री म्हणाली.

"ओठ बधिर होता. नीट बोलता नाही आलं."

"'राहू द्या' एवढं तं बोलता आलं."

"हो. त्यात अवघड अक्षरं नाहीत."

हा विनोद चांगला होता. इतर कुठल्याही दिवशी ती हसली असती. आत्ता ती माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या बघण्यात राग नव्हता, चित्र काढायच्या आधी ती वस्तूकडे जशी बघते तसं होतं. उजेड कुठून येतोय, सावली कुठं पडेल. "काहून थांबवलं?" तिनं विचारलं. "अडीचशे लोकं गेले सकाळपासून, आन् तू गठ्ठ्यांवरचे नाव वाचून राहिला. मी पाहून राहिली तुले. मले वाटलं दाढ दुखते." मी थांबलो. माझ्या शरीराला सवय होती. आता खाली टर्र होईल, मग बोलू. टर्र झाली नाही. खाली चहा आला असावा. मी टर्रची वाट बघत राहिलो आणि ती शांतता लांबत गेली, पहिली खरी दीर्घ शांतता, आणि ती उतरवायला कोणीच नव्हतं. "तुले सोडाचा आहे का?" धनश्री म्हणाली. "सरळ सांग. मी नाही रडत."

मी सरळ सांगणार होतो. तोंड उघडलंही. पण जी काही वाक्यं आली ती सगळी त्या दुसऱ्या नागसेनची होती, गुळगुळीत, कडा वाकलेली. त्यातलं एक जरी बाहेर पडलं असतं तरी ते तिला पटलं असतं. माझी खात्री आहे. मी इतका चांगला बोलतो. म्हणून मी तिच्याशी बोललोच नाही. फोन काढला, काजलचा नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि टेबलावर तिच्या चित्रांच्या वहीवर ठेवला. धनश्री पुन्हा तिच्या पडद्याकडे वळली, विजेच्या खांबाची सावली काढत होती ती काढू लागली, पण पाठ ऐकत होती.

"काजल मॅडम, दुरुस्ती लिहा."

"हो सर, बोला. ओठ बरा आहे?"

"पुन्हा माझा झाला. मराठीतच छापा, तसंच्या तसं. खाली पाहिजे तर अर्थ द्या. लिहा: एकवीस मार्चले आम्ही गेम सोडून राहिलो."

बटणं वाजली. तिनं मला वाचून दाखवलं. 'मार्चले' चं 'मार्चला' केलं होतं, ते मी पुन्हा 'ले' करायला लावलं. "अर्थ, रिलीज करतोय," ती स्वतःशीच म्हणाली. "झालं? की पुढे काही?"

"पुढे लिहा. मी कुठंच जाऊन नाही राहिलो."

बटणं एकदोनदा वाजली आणि थांबली. "जाऊन नाही राहिलो, म्हणजे जात नाहीये," काजलनं जपून अर्थ लावला. आता ती तयार झाली होती. "पण सर, हे कशाला? तुम्ही कुठे जाताय असं कोणी विचारलंच नाहीये."

पलीकडच्या टेबलावर खांबाची सावली अर्ध्यात थांबली. धनश्रीनं पेन खाली ठेवलं. ती वळली आणि मी तिच्या चेहऱ्यावर बघितलं की ती मागचे अकरा दिवस एकेक करून उलटे चालत जातेय, आणि ज्या दिवशी पोचायचं त्या दिवशी पोचली. मला वाटलं आता विचारेल, कुठं, कधीपासून, कोणाला सांगितलं; माझ्याकडे उत्तरं होती, सगळी खरी, आणि एकही धड नाही. तिनं हात पुढे करून वहीवरचा फोन उचलला आणि तोंडाजवळ धरला.

"मॅडम, मी धनश्री बोलून राहिली."

"हो हो, तुम्ही त्यांच्या आर्टिस्ट ना?"

"अर्धा गेम माहा आहे. ते पण दुरुस्त करा, नावासकट, मी लिहून पाठवते. पण आधी ते दुसरं वाक्य खोडा."

"पण सरांनी आत्ताच..."

"खोडा," धनश्री म्हणाली. माझ्याकडे न बघता. "ते छापाचं नाही. ते मले सांगतलं त्यानं."